खंडेनवमीचा फोटो

२०२२ सालच्या खंडेनवमीला नारायणगुड्यातल्या ‘हेमलता निवास’मध्ये एका पांढऱ्या प्लास्टिकच्या पेटीची पूजा झाली. जिन्याखाली पाट मांडला होता. पाटावर हिम्मतराव वॉचमनची जुनी पहार, विक्रमच्या सायकलचा पाना, सायलीची कंपासपेटी आणि मधोमध ती पांढरी पेटी. बारा बिऱ्हाडांचे दिवे, पंखे, दारांची कुलपं, पाण्याची मोटर, सारं काही तीन महिन्यांपासून त्या पेटीच्या हुकमात आलं होतं.

ती आणली होती लक्ष्मणरावांनी. ते सोसायटीचे सेक्रेटरी. सरकारी दफ्तरात चौतीस वर्षं काढलेले. पेटी बसवणारा माणूस म्हणाला होता की आधी पासवर्ड बदला. पण दफ्तरात सगळ्या कपाटांना चालणारी एक किल्ली भिंतीवर टांगलेली असायची, म्हणजे कुणी रजेवर गेलं तरी काम अडत नसे. तेच वळण त्यांनी इथे ठेवलं. पेटीच्या पाठीवर कारखान्याने छापलेला पासवर्ड आहे ना? मग तोच राहू दे, विसरायचा प्रश्नच नाही.

“नाव आहे त्या बाजूला कुंकू लाव गं,” ते सायलीला म्हणाले.

बारा वर्षांच्या सायलीने पेटी उपडी केली. तिथे लेबल होतं, पेटीचा क्रमांक आणि खाली पासवर्ड. अक्षरं झाकली जाऊ नयेत म्हणून तिने बोट बाजूला टेकवलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि छानसा फोटो काढला. लक्ष्मणरावांच्या सांगण्यावरून तिने तो सोसायटीच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. ते पान जगात कुणालाही उघडता येत असे. संध्याकाळपर्यंत साठ जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली होती.

दसरा झाला. शाळा उघडायला अजून चार दिवस होते. तेलुगू शेजारणींनी सणाला रचलेल्या बतुकम्मांची फुलं अंगणाच्या कोपऱ्यात वाळत पडली होती. गुरुवारी सकाळी दहाला पाण्याची मोटर आपोआप सुरू झाली आणि टाकी भरून जिन्यावरून पाणी वाहू लागलं. मग तळमजल्यावरचा दिवा तीनदा उघडझाप झाला. मग त्याच घरातला पंखा. दुपारी सव्वाबारानंतर सगळं शांत.

लक्ष्मणरावांनी चौकशी केलीच नाही. जिन्याखाली दिवसभर कोण बसतं? हिम्मतराव. तेव्हा बटणं चाळवणारा तोच. शुक्रवारी पुन्हा तसंच झालं, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर त्याच्याकडून गेटची किल्ली मागून घेतली.

हिम्मतराव मूळचा बिदरकडचा, अठरा वर्षं त्या गेटवर होता. त्याने किल्ली दिली, डबा घेतला आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसला. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, हे त्याला ठरवता येत नसावं.

सायलीला ते बघवलं नाही. कारण शुक्रवारी अकराला, दुसऱ्या मजल्यावरचा पंखा बंद पडला तेव्हा, हिम्मतराव तिच्याच सायकलची चेन बसवत होता. पेटीपासून लांब, अंगणात. तिने हे लक्ष्मणरावांना सांगितलं, तर त्यांनी तिला अभ्यासाला बस म्हणून सांगितलं.

मग ती, शेजारचा विक्रम आणि त्याची धाकटी बहीण तेजश्री गच्चीवर बसले. सायलीने वहीत वेळा लिहिल्या होत्या. गुरुवारी दहा वस्तू, शुक्रवारी दहा, पंधरा-पंधरा मिनिटांनी एक.

“भूत असेल तर फारच शिस्तीचं आहे रे,” तेजश्री म्हणाली.

“भूत नक्को बोलू, मला हसू येतं,” विक्रम म्हणाला आणि वही वाचता वाचता त्याचं हसू थांबलं. लक्ष्मणरावांच्या मोबाइलमधली यादी त्याने पाहिली होती. एक नंबरला मोटर, मग पहिलं घर, मग दुसरं. वहीतला क्रम हुबेहूब तोच होता. कुणीतरी यादी समोर ठेवून एकेक बटण दाबून पाहत होतं.

“यादीत एकंदर किती वस्तू आहेत?” सायलीने विचारलं.

“तीस. उद्या एकवीसपासून सुरू होणार.”

“आणि तिसावी कुठली?”

विक्रमने वही मिटली. तिघांनाही ते माहीत होतं. बारावं, शेवटचं घर लक्ष्मणरावांचं. त्या घरातलं शेवटचं यंत्र इंदुताईंना ऑक्सिजन देत असे.

इंदुताई लक्ष्मणरावांच्या पत्नी, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. करोनात त्यांची फुप्फुसं निकामी झाल्यासारखी झाली होती. नाकाला नळी, पलंगाशी घुरघुरणारं यंत्र. तरी रोज सकाळी त्या या तिघांकडून मराठी वाचून घेत, कारण इंग्रजी शाळेतल्या या मुलांना जोडाक्षर आलं की घाम फुटे. “अडखळलीस तर थांब, श्वास घे, पुढे जा,” असं त्या म्हणत, आणि दोन शब्दांमध्ये स्वतःच थांबून श्वास घेत.

शनिवारी नऊ वाजताच सायली लक्ष्मणरावांपुढे उभी राहिली. तिने वही दाखवली. ताईंच्या यंत्राची वायर पेटीच्या हुकमातल्या स्मार्ट प्लगमधून काढून सरळ भिंतीत लावा, एवढंच तिचं मागणं होतं.

“त्या प्लगमुळेच मला बाहेर असताना कळतं यंत्र चालू आहे की नाही,” लक्ष्मणराव म्हणाले. “हात लावायचा नाही कुणी.” आणि ते बेगम बाजारला सामान आणायला निघून गेले.

तिघांनी हिशोब केला. तिसाव्या वस्तूची पाळी सव्वाबाराला. तोवर काका परत येतील. नाही आले तर पावणेबाराला आपणच आत जाऊन वायर काढायची, मग कितीही ओरडा बसो.

पण त्या दिवशी बटणं दाबणाऱ्याला घाई झाली. पावणेअकरानंतर दर दोन-तीन मिनिटांनी वरच्या घरांतलं काहीतरी बंद पडू लागलं, आणि अंगणात थांबलेल्या मुलांना ते कळलंच नाही. अकराला पाच कमी असताना जयवंताबाई, इंदुताईंची देखभाल करणारी बाई, औषधाची पिशवी घ्यायला खाली गेली. ती परत आली तेव्हा दाराच्या कुलपावर लाल दिवा होता. तिने आकडे दाबले. कुलूप उघडलं नाही.

तिची हाक ऐकून मुलं धावत वर आली. तेवढ्यात आतली घुरघुर थांबली. मग यंत्राचा भोंगा वाजू लागला, बारीक, एकसुरी.

“एका मिनिटात परत चालू होईल,” विक्रम म्हणाला. आत्तापर्यंत प्रत्येक वस्तू परत चालू झाली होती.

ते मिनिट गेलं. दुसरंही गेलं. यंत्र चालू झालं नाही. आत कोपऱ्यात जादा सिलिंडर होता, पण त्याची चावी फिरवायला पलंगावरून उठावं लागलं असतं. कुलपाची खरी किल्ली लक्ष्मणरावांच्या खिशात होती, आणि त्यांचा फोन बाजाराच्या गोंगाटात नुसता वाजत होता.

“ताई,” सायलीने दाराला तोंड लावून हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. खोकल्याचा आवाज आला, तोही अर्धवट.

सायली जिना उतरून, रस्ता ओलांडून चहाच्या हॉटेलात शिरली. हिम्मतराव कालच्याच बाकावर बसला होता. तिने धापा टाकत सांगितलं. तो उठला, पुन्हा अडला.

“बेटा, कालच चोर ठरलोय मी. आज सेक्रेटरीसाबचं दार फोडलं तर थेट ठाण्यात जाईन.”

“नाव माझं सांगा. मी फोडायला लावलं म्हणून सांगा. पण चला, मामा.”

त्याने तिच्याकडे एकवार पाहिलं आणि तो धावत सुटला. पहार अजून पूजेच्या पाटाजवळच होती, तिच्यावरचं कुंकूही तसंच होतं. तिसऱ्या तडाख्याला चौकट फाटली.

इंदुताईंचे ओठ निळसर पडले होते, डोळे अर्धे मिटलेले. सायलीने वायर उपटून भिंतीत लावली. यंत्र घुरघुरलं. जयवंताबाईने सिलिंडरही उघडला. विक्रमने खाली जाऊन पांढऱ्या पेटीच्या सगळ्या वायरी काढल्या. तेजश्री ताईंचा हात धरून मोठमोठ्याने श्वास घेत राहिली, त्यांना साथ द्यावी तशी. दहा मिनिटांनी इंदुताईंनी तिची बोटं दाबली.

लक्ष्मणराव आले ते फुटलेलं दार पाहून हिम्मतरावच्या अंगावर ओरडतच. मग त्यांची नजर पत्नीच्या चेहऱ्याकडे गेली आणि ते पिशवीसकट खाली बसले.

सायलीने त्यांना फोटो दाखवला. दोन बोटांनी मोठा केला. कुंकवाच्या टिळ्याशेजारी पासवर्डचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मोबाइलच्या यादीत मालक म्हणून दोन नावं होती, एक त्यांचं, एक परकं.

“फोटो मी काढला होता,” ती म्हणाली. तिला रडू आवरलं नाही.

संध्याकाळी सायबर पोलिसांकडून स्वाती मॅडम आल्या. सायलीची वही त्यांनी पानोपान पाहिली आणि इतकी नीट नोंद मोठी माणसंही ठेवत नाहीत, असं त्या म्हणाल्या. तो कुणी लांबचा होता, बहुधा दुसऱ्या देशातला. उघडी सापडली म्हणून पेटी चाळवून पाहणारा.

“पण त्याने शेवटचं यंत्र परत चालू का केलं नाही?” सायलीने विचारलं.

स्वाती मॅडमनी वही तिला परत दिली. “यादी संपली, बाळ. तो उठून गेला असेल.”

त्या माणसाचा इथे कुणावर राग नव्हता, कुणाशी ओळखही नव्हती. हिम्मतरावला शिव्या देऊन सुटणं हे मान्य करण्यापेक्षा सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात सगळे जमले. लक्ष्मणरावांनी गेटची किल्ली दोन्ही हातांनी हिम्मतरावला दिली आणि सर्वांसमोर त्याची माफी मागितली. मग ते मुलांकडे वळले. “मी वाचलं नाही ते या पोरांनी वाचलं,” एवढंच म्हणाले. फोटो काढून टाकला गेला, पेटीला नवा पासवर्ड मिळाला, प्रत्येक घराचा वेगळा. कुलपं आणि औषधपाण्याची यंत्रं तिच्यापासून कायमची तोडली.

पकडला मात्र कुणीच गेला नाही.

इंदुताई पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होत्या. मार्चअखेरीस सायलीने त्यांना अख्खा धडा न अडखळता वाचून दाखवला. मे महिन्यात त्या झोपेतच गेल्या. यंत्र तेव्हा चालूच होतं. हिम्मतराव दोन वर्षांनी बिदरला मुलाकडे परतला, जाताना पहार विक्रमला देऊन गेला. विक्रम आता पॉलिटेक्निकला आहे. तेजश्री भुतांची थट्टा करत नाही. जयवंताबाई गौलीगुड्यात दुसऱ्या एका आजारी माणसाकडे कामाला जाते आणि पहिल्या दिवशीच वायर कुठे लावली आहे ते पाहते. सायली सोळा वर्षांची झाली. दर खंडेनवमीला पेटीला कुंकू तीच लावते, लेबल पाटाकडे ठेवून.

लक्ष्मणरावांनी फाटलेली चौकट बदलली नाही. तिच्यावर एक साधं पितळी कुलूप बसवलं. त्याच्या दोन किल्ल्या आहेत. एक त्यांच्या खिशात असते, आणि दुसरी सायलीच्या घरी, देवघराजवळच्या खिळ्यावर.