तिसरी हाळी

"ओ आज्जी... गिरणी कुठं हाय ओ हितं?"

धुक्यातून आवाज आला तशी मी मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं. मग डोक्यात उजेड पडला, आज्जी म्हणजे मीच.

त्याची तरी काय चूक म्हणा. गौरी-गणपती तोंडावर आलेले, वाडीतल्या प्रत्येक घराचे तांदूळ माझ्या गिरणीत पडलेले, आणि लाईटचा लपंडाव चाललेला. आली की दळायचं, गेली की डीपीकडं धावायचं. केस, भुवया, सगळ्यांवर पांढरं पीठ. तशीच मी पायवाटेवर उभी होते.

"सरळ ये नातवा," मी आवाज जाड करून म्हटलं. "वाटेत म्हस बसलीय. तिला काकू म्हणू नकोस म्हंजे झालं."

तो जवळ आला. उंच, सडसडीत, खांद्यावर वायरचं वेटोळं, भिजलेल्या केसांतून नाकावर थेंब गळतायत. माझ्याकडं बघितलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"सॉरी... म्हंजे, पीठ हाय व्हय ते."

"पीठच हाय. वायरमन का?"

"व्हय. वीरधवल."

"नाव घोड्यावर बसायचं, आणि एवढ्या चढाला धाप लागली?"

"आष्ट्याचा हाय मी. आमच्याकडं सगळं सपाट. उसाच्या सरीएवढाच काय तो चढ."

हसला. हसू चांगलं होतं, मेल्याचं. डीपीचा फ्यूज बसवून झाला, गिरणी घरघरली, आणि जाताना म्हणतो, "येतो आज्जी." मी पण अहो-जाहो केलं नाही. आज्जी म्हटल्यावर नातवाला मान कसला द्यायचा?

आमचा जांभूळसडा पाटणच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. एसटी खालच्या गावात थांबते, पुढं खिंडीतून पायवाट. फोनची रेंज एकाच दगडावर, तीही त्याची मर्जी असेल तर. म्हणून आमच्यात अजून हाळी चालते. खिंडीतून लांबवर एक हाळी मारली की 'मी येतोय'. दोन म्हणजे जनावर चुकलंय. आणि तीन म्हणजे डोली आणा. कुणीतरी पडलंय, कुणाला नाग चावलाय, बाई अडलीय. तीन आल्या की माणसं ताटावरनं उठून पळतात. तीन कुणी चेष्टेत मारत नाही.

वीरधवलला मी एकच शिकवली. बाकीच्या सांगायच्या राहिल्या.

तो येत राहिला. लाईट गेली की यायचा. मग लाईट असतानाही यायला लागला.

"आज तर गेली न्हाई," मी दारात उभी राहून म्हणायची.

"जाईल... असं वाटलं."

मग आई त्याला नाचणीची भाकरी आणि ठेचा द्यायची. ठेचा खाताना त्याच्या डोळ्यांतनं पाणी, आणि तरी आणखी मागायचा. गिरणीचा पट्टा घसरला तर मी बसवायची, तो दिवा धरायचा. एकदा माझ्या गालावरचं पीठ पुसायला त्यानं हात उचलला... आणि हवेतच थांबला.

"पुस की," मी म्हटलं. "शॉक बसायचा न्हाई."

"वायरमनला इचारा शॉक कुठं बसतो ते," तो म्हणाला, आणि पुसलं.

त्या दिवशी हंबीरतात्यांच्या दळणात मी दुसऱ्याच कुणाची वरी मिसळली. वाडीतले सगळ्यात मोठे तात्या, पण रागावले नाहीत. नुसते मिशीत हसले.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या सड्यावर सून येत नाही. 'सड्याला पोरगी देण्यापेक्षा विहिरीत ढकलावी' म्हणतात खालचे. आणि आमच्या पोरी लग्न करून खाली गेल्या की दिवाळीलासुद्धा चढायला नको म्हणतात. मी मात्र ठरवलेलं, मी जाणार नाही. ज्याला मी हवी, त्यानं चढून यावं. हे मी सगळ्यांना ठणकावून सांगितलेलं. त्यालाच तेवढं सांगायचं धाडस होत नव्हतं, कारण तो 'नाही' म्हणाला असता तर मला सोसलं नसतं.

पाऊस उघडला तसा एक दिवस तो गिरणीच्या पायरीवर येऊन बसला. हातात पक्कड, तीच उघडतोय, मिटतोय.

"बदली झाली," म्हणाला. "आष्ट्याला. हितं यायच्या आधीच मागितलेली..."

"मग बरं झालं की."

"तुमी पण... चला की. आष्ट्यात बी गिरण्या हायत."

असं विचारतात का कुणाला? पण पोटात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू.

"आष्ट्यात गिरणी बंद पडली तर बायका फुडच्या गल्लीत जात्यात," मी म्हटलं. "हितं बंद पडली तर डोक्यावर दळण घेऊन डोंगर उतरत्यात. माझ्या आईनं जन्मभर उतरलाय. तेवढ्यासाठी मी ही गिरणी घातली. तू मला लय आवडतोस, वीरधवल. पण मी खाली यायची न्हाई."

त्यानं पक्कड मिटली. "थोरला भाऊ सैन्यात. आई घरात एकटी..." एवढंच बोलला. मग उठला. "बघतो," म्हणाला आणि उतरला.

'बघतो' म्हणजे काय, हे आमच्या सड्याला पुरतं ठाऊक. रस्त्याचं बघतो म्हणून गेलेले साहेब अजून बघतायत.

पुढं लाईट गेली तेव्हा दुसराच वायरमन आला. भला माणूस, गालभर मिशा, मला 'ताई' म्हणाला. उगीचच राग आला मला. रात्री आई म्हणाली, "अंकिता, तांदूळ निवडतीयास का वेचून फेकतीयास?" मी रडले. एकदाच, पण चांगली रडले. आणि सकाळी गिरणी चालू केली.

भातकापणी चालली होती. ऊन चढलेलं, सगळी वाडी शेतात. आणि खिंडीतून हाळी आली.

एक.

माझा विळा थांबला. तो आवाज मी गाढ झोपेतसुद्धा ओळखला असता.

दोन.

तीन.

"डोली!" हंबीरतात्या ओरडले. बांबूला घोंगडं बांधून माणसं उताराला लागली. मी सगळ्यांच्या पुढं, अनवाणी. डोळ्यांपुढं एकच, तो खांबावरनं पडलेला. वाडीच्या सिद्धनाथाला काय काय नवस बोलले, आता आठवत नाही.

खिंडीत तो उभा होता. धडधाकट. पायाशी पत्र्याची पेटी, बगलेत गादीची वळकटी.

"कुठं लागलं?" मी त्याचे दंड चाचपत विचारलं. "कुठं लागलं तुला?"

"मला? न्हाई... कुठं काय."

"मग तीन का मारल्यास, मुडद्या?"

तो माझ्याकडं बघतो, मागून धापा टाकत आलेल्या डोलीकडं बघतो. "एक... आलोय म्हणून. दुसरी... बदली नको म्हणून लिहून देऊन आलोय, म्हणून."

"आन् तिसरी?"

घसा खाकरला त्यानं. पहिल्यांदा माझं नाव घेतलं. "अंकिता... तिसरी तुझ्यासाठी."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मला हसावं का रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

"आन् आई?" मी विचारलं.

"ती म्हणली, थोरला बर्फात ऱ्हातोय, धाकट्याला धुक्यात ऱ्हायला काय धाड भरलीय? मावशीला सोबतीला बोलावलंय तिनं. दिवाळीला हितं येतीया. ही कोण आज्जी, ते बघायचंय म्हणं."

"ते सगळं ऱ्हाऊ दे," हंबीरतात्या म्हणाले. "डोली निघालीय. रिकामी परत न्यायची नसती. बस त्यात."

"मी? आवं तात्या, मला काय झालंय..."

"बस रं गड्या," मी म्हटलं. "चढाला धाप लागती तुला."

बसवलाच त्याला. पेटी मांडीवर, लांब पाय बाहेर लोंबतायत, कान लाल. आजवर त्या डोलीतून माणसं खालीच गेली, कण्हत. मी बाजूनं चालले, आणि त्यानं घोंगड्यातून हात बाहेर काढून माझी बोटं धरली. सगळ्यांदेखत. मी सोडवली नाहीत.

गिरणीसमोर आई छातीला हात लावून उभी होती. "आगं बया, कोन पडलं?"

"कुणी न्हाई पडलं, तानू," हंबीरतात्या घाम पुसत म्हणाले. "वर आणलाय."