काळ्या माशाचा क्लेशांक

उत्तम पिसाळचं कराडातलं शोभिवंत माशांचं दुकान एकवीस वर्षांचं होतं, आणि गेल्या पाडव्यापर्यंत त्या दुकानात शिरताना त्याला कधी लाज वाटली नव्हती. पाडव्यापासून नवा नियम आला. घरची असो वा दुकानातली, प्रत्येक टाकीच्या आतल्या काचेला रुपयाएवढी एक चकती चिकटवायची. त्रासात असलेला मासा कल्ल्यांवाटे पाण्यात एक ताणद्रव्य सोडतो. चकती ते ओळखते आणि मासे किती हालात आहेत, त्याचा शंभरपैकी आकडा मोबाइलवर धाडते. या आकड्याला क्लेशांक म्हणत. तो विसाच्या आत असला तर मासे सुखात. उत्तमच्या दुकानात पहिल्या दिवशी सगळ्यात कमी भरलेला क्लेशांक होता चोपन्न.

तेव्हापासून तो सकाळी शटर वर करायचा आणि मान खाली घालून थेट खुर्चीत जाऊन बसायचा. त्याला यातलं काही कळत नव्हतं, असं मात्र नाही. नवी टाकी भरली की ती पाच-सहा आठवडे माशांविना चालू ठेवावी लागते, हे त्याला पाठ होतं. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया साठतो, आणि तो खाऊन टाकणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला तेवढे दिवस लागतात. पण थांबतो कोण? वास्तुशांत रविवारी, टाकी शनिवारी, आणि आठ सोनेरी, एक काळा असे नऊ मासे मुहूर्तावर पाण्यात पडलेच पाहिजेत. उत्तम द्यायचा. दुसऱ्या आठवड्यात काळा मासा पोट वर करून तरंगायला लागला की गिऱ्हाईक तणतणत यायचं. मग उत्तम आवाज खाली आणून म्हणायचा, "वाईट वाटून घेऊ नका. घरावर काहीतरी येणार होतं, ते माशानं घेतलं."

ही समजूत काही त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती, लोक पूर्वीपासून तसं म्हणत आलेत. पण खोटं बोल पण रेटून बोल, ही विद्या त्याला चांगली साधली होती. भांडायला आलेला माणूस हात जोडून, नवा काळा मासा घेऊन घरी जायचा.

त्या गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला तारळेकरबाई दुकानात आल्या. सातवीत त्यांनीच उत्तमला विज्ञान शिकवलं होतं. आता सत्तरी ओलांडलेल्या बाई पायरी चढून धापा टाकत होत्या, पण चेहरा उजळला होता.

"उत्तम, हे बघ! एक्क्याण्णव!" त्यांनी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

उत्तम खुर्चीतून उठला. "बाई, मासे मरायला टेकलेत. आधी पाणी बदला. तिसरा हिस्सा काढायचा आणि—"

"खबरदार, एक थेंब बदलायचा नाही!" बाई म्हणाल्या. "काल संध्याकाळपासून ह्यांच्या छातीत दुखत होतं. डावा हात भरून आलेला. आकडा होता अठरा. रात्रभर तो चढत गेला आणि पहाटे ह्यांचं दुखणं उतरलं. काळा अगदी तळाशी जाऊन पडलाय बघ. घेतोय तो सगळं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दहाची वेळ घेतली होती. रद्द केली मघाशी. आता कशाला?"

उत्तमने शटरही ओढलं नाही. बाईंना स्कूटरवर मागे बसवलं आणि सोमवार पेठेतलं त्यांचं घर गाठलं.

तारळेकरकाका आरामखुर्चीत बसले होते. पंखा चालू असूनही बनियन घामाने चिंब झालं होतं. "ये रे. गॅसेस झाले होते, दुसरं काय. आता बरंय," ते म्हणाले आणि वाक्य संपवताना दोनदा थांबले. ओठ निळसर दिसत होते. पलीकडे टाकीत आठही सोनेरी मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा ओढत होते. काळा तळाशी आडवा झाला होता. पाणी स्वच्छ होतं, नको इतकं स्वच्छ. फिल्टरमधला स्पंज कापसासारखा पांढरा दिसत होता.

"हा स्पंज धुतला कधी?"

"काल दुपारी. आज हळदीकुंकू आहे ना आपल्याकडे. नळाखाली चांगला साबण लावून घासला. किती घाण निघाली म्हणून सांगू!"

ती घाण म्हणजेच टाकीचा जीव होता. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच नुसता खळबळायचा असतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात, साबणाने तर उरतच नाहीत. नवशिक्याला सांगायची ही पहिली गोष्ट. पण ती सांगितली तर मासे जगतात, आणि एकवीस वर्षं उत्तमने ती कुणालाही सांगितली नव्हती. ज्या बाईंनी त्याला जिवाणू म्हणजे काय ते शिकवलं, त्यांनाही नाही.

"बाई, आधी अँब्युलन्सला फोन करतो," तो म्हणाला आणि केलाही. मग तो जमिनीवरच बसला. "बाई, मासा कुणाचं काही घेत नसतो. मी थापा मारल्या. तुम्ही स्पंज धुतला, जिवाणू मेले, रात्रभरात पाण्यात विष साठलं. म्हणून आकडा चढला. काकांच्या दुखण्याचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही. काकांना अ‍ॅटॅक आलाय बहुतेक."

बाई त्याच्याकडे वळल्या. "आणि तीन वर्षांपूर्वी? ह्यांच्या बायपासच्या दिवशी काळा मेला होता तो?"

"ती टाकी मी तयार न करताच दिली होती. पंधरा दिवसांत मरणारच होता तो. ऑपरेशन डॉक्टरांनी चांगलं केलं, म्हणून काका वाचले."

"मी त्या माशाला अंगणात पुरलं रे. रोज दिवा लावते तिथे."

आपल्याला कुणी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं, असं उत्तमला वाटलं. पण बाईंनी हात उचलला नाही. त्यांनी काकांच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि दवाखान्याची फाइल शोधायला आत गेल्या.

अँब्युलन्स बारा मिनिटांत आली. काकांना स्ट्रेचरवर घेतलं, बाई मागोमाग चढल्या. उत्तम मागे थांबला. टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी त्याने नळीने काढलं, आणि पिंपातलं कालचं शिळं पाणी, ज्यातला क्लोरीन उडून गेला होता, हळूहळू आत सोडलं. मग धावतपळत दुकानात गेला. तिथल्या जुन्या टाकीतला एक काळपट, बुळबुळीत स्पंज आणून फिल्टरमध्ये बसवला. तासाभराने काळ्याने एक पर हलवला. एवढ्याशा कामाने मासे जगू शकतात, आणि हे आपल्याला पहिल्या दिवसापासून येत होतं, या विचाराने त्याला भडभडून आलं.

तो हॉस्पिटलात पोचला तेव्हा काकांना आत नेऊन पाऊण तास झाला होता. नस उघडायचा प्रयत्न चालू आहे, उशीर झालाय, एवढंच डॉक्टर सांगून गेले होते. बाई बाकावर एकट्याच होत्या. हातात मोबाइल.

"अठ्ठावन्न झालाय," त्या म्हणाल्या.

"हो बाई. मासे सावरतायत." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा पाहिलं. "चव्वेचाळीस." मग त्याच्याकडे वळून, वर्गात विचारायच्या त्याच सुरात त्यांनी विचारलं, "उत्तम, खरं सांग. खोटं तू तेव्हा बोललास, की आज?"

"तेव्हा, बाई. देवाशपथ तेव्हा."

त्यांनी मान हलवली. मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला. आतून एक नर्स घाईघाईने बाहेर आली, काही न बोलता कपाटातून कसलंसं पाकीट घेऊन परत आत गेली. दार मिटलं. बाईंनी मोबाइल पुन्हा सुलटा केला. आकडा एकोणतीस होता.

"मला कळतंय रे सगळं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "अमोनिया, जिवाणू, मीच शिकवलंय तुला. पण हे बाहेर येईपर्यंत, तेवढ्यापुरता, तो धुतलेला स्पंज परत बसवून येतोस का?"