डमी गाणारी

"तिला डमी म्हणूनच सांगू. मग राहिला तिचाच आवाज, तर राहिला. घरचीच आहे, जाणार कुठे?"

हे माझा नवरा सासऱ्यांना सांगत होता. दाराआड मी, हातात पाण्याची बाटली. लग्नाला एकोणचाळीस दिवस झाले होते.

स्टुडिओ घराच्याच तळमजल्यावर, सासऱ्यांनी उभा केलेला. मोठी गायिका येईपर्यंत दुसरी कुणीतरी चाल गाऊन ठेवते, ती डमी. मोठीचं गाणं झालं की डमीचा आवाज पुसतात. उद्या ती डमी मी होते. 'तुझा आवाज ऐकूनच होकार दिला,' असं नवरा म्हणाला होता. खोटं नव्हतंच ते.

जेवणं झाली आणि वीज गेली. सगळे गच्चीवर.

"बाबा, भुताची सांगा. वहिनी घाबरते का बघू," दीर म्हणाला.

"ती बोलतच नाही. घाबरली तरी कळणार कसं?" नणंद.

सासरे खाकरले. "माझ्या ओळखीचा एक रेकॉर्डिस्ट होता. त्याच्यासोबत घडलेलं. सतरा नोव्हेंबर, मंगळवार, रात्री पावणेदोन. काम काय, तर एक टेप पुसायची. दहा मिनिटांचं."

"कसली टेप?"

"डमीची. मोठ्या बाईंचा घसा बसला होता, कंपनी घाई करत होती. याने डमीचाच आवाज ठेवला आणि नाव छापलं बाईंचं. गाणं गल्लोगल्ली वाजलं. स्टुडिओ उभा राहिला तो त्या गाण्यावर."

"आणि डमी?"

"तिने ते चहाच्या टपरीवर ऐकलं. मग रोज येऊन स्टुडिओबाहेरच्या बाकावर बसायची. याने आत घेतलं नाही. वर्षभरात गेली बिचारी. तिचा भाऊ म्हणाला, मूळ टेप ऐकवा, मी कोर्टात जातो. म्हणून त्या रात्री हा..."

सासरे जरा पुढे सरकून बसले.

"टेप लावली. पुसायला घेतली. माइकची वायर काढून गुंडाळून ठेवलेली. तरी आवाज दाखवणाऱ्या मीटरची सुई हलली.

थांबली.

पुन्हा हलली.

काचेपलीकडे कोणी नाही. त्याने हेडफोन लावला..."

सासऱ्यांचा उजवा हात अंधारात एक बटण हळूहळू फिरवत होता. ऐकीव गोष्टीत हात इतका अचूक फिरत नाही.

"काय ऐकलं?"

सासऱ्यांचा हात थांबला.

"बाबा?"

"सकाळी टेप वाजवली. गाणं गेलं होतं. एक शब्द उरला नव्हता. श्वास तेवढे होते. दोन ओळींच्या मधले. ती जिथे घ्यायची, बरोब्बर तिथे. तीनदा पुसली. अजून आहेत."

"अजून म्हणजे? टेप आहे कुठे?" दिराने विचारलं.

नवरा हसला. "काय रंगवून सांगता हो बाबा!"

"बाबा, तिचं नाव काय होतं?" मी विचारलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"नाव... आठवत नाही गं. डमीच म्हणायचे सगळे."

"चल, झोपू," नवरा घाईने उठला. "उद्या लवकर गायचंय तुला."

मी बसूनच राहिले.

"उद्या डमी म्हणून दुसरी कुणी बघा," मी म्हणाले. "माझं नाव आधी छापा. आवाज मग मिळेल."