भाडं घेणारं घर

"इथं खोली भाड्यानं मिळेल का?" असं मी ज्या पहिल्या माणसाला विचारलं, तो कोरड्या नदीत वाळू उकरून झिऱ्याचं पाणी भरत बसला होता. त्यानं मान वर केली, माझ्या ट्रंकेकडं पाहिलं आणि हसला.

"भाड्यानं?... बाई, आमच्या गावात घराचं भाडं घेत न्हाईत."

साल सत्तावन्न. जाफराबादच्या पुढं सहा कोसांवर, खडकवाडीच्या उजाड माळावर, मुलींची शाळा नव्यानं निघाली होती आणि मी तिची पहिली मास्तरीण. आठवड्याच्या आत गावात बिऱ्हाड केलं नाही तर नेमणूक रद्द, असा हुकूम होता. रद्द म्हणजे पुन्हा औरंगाबादला, काकांच्या घरी, त्यांच्या उपकाराखाली भाकरी थापत बसणं. ते मला नको होतं.

पाटलांकडं पाहुणी म्हणून उतरले आणि चार दिवस उंबरे झिजवले. गाव वाईट नव्हतं. जो तो म्हणायचा, राहा की, लेकीसारखी राहा. पैशाचं नाव काढलं की मात्र चेहरे आंबट. घरात माणूस ठेवून पैसा घेणं म्हणजे अब्रू विकणं, अशी तिथली समजूत. आणि फुकट राहणाऱ्या एकट्या बाईबद्दल आठ दिवसांत काय बोललं जातं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी झिऱ्यावरचा तो माणूस आपण होऊन शाळेत आला. मार्तंड त्याचं नाव. घरी तो आणि त्याची आई तुळजाबाई, दोघंच.

"एक खोली हाय," तो दाराबाहेरूनच म्हणाला. "पर भाडं..."

"भाडं घेणार असाल तरच."

"गाव हसंल मला."

"नाही घेतलंत तर मला हसेल."

"मंग मलाच हसू द्या. तुम्हाला पोरी शिकवायच्यात."

त्या वाक्यावर मी भाळले, हे आता कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मी फक्त "पाच रुपये" एवढंच म्हणाले.

"पाच बिलकुल न्हाई. तीन."

"चार."

"भाडेकरूच भाव चढवून राह्यला," तो पुटपुटला. "असं गिऱ्हाईक पाह्यलं न्हाई."

गाव हसलंच. शेजारचा रखमाजी तर रोज झिऱ्यावर सगळ्यांदेखत म्हणायचा, "मार्तंडा, आज खोली इकली, उद्या पाणी बी इकशील." मार्तंड मुकाट घागर भरायचा. आणि दर एक तारखेला चावडीपुढं, चार माणसं बघतील अशा बेतानं, माझ्याकडून चार रुपये घ्यायचा. माझ्यावर बोट उठू नये म्हणून लाज स्वतःवर ओढून घ्यायची त्याची ही तऱ्हा होती.

उन्हं तापली, झिरा वाटीवाटीनं भरू लागला. माझा रांजण मात्र सकाळी काठोकाठ असायचा.

"भाड्यात पाणी धरलेलं नाही," मी म्हणाले.

"माय भरती."

तुळजाबाईंना गुडघ्यांमुळं अंगणसुद्धा ओलांडवत नव्हतं. त्या चुलीकडं तोंड फिरवून हसल्या. मार्तंडचे कान लाल झाले... माझेही झाले असावेत.

चैत्रात एका संध्याकाळी मी पैसे घेऊन चावडीकडं निघाले, तर त्यानं अंगणातच थांबवलं.

"ह्या महिन्यापासून... भाडं नको म्हणून राह्यलो."

"का?"

"माय म्हणती, घरच्या माणसाकडून—"

मला फार आनंद झाला. आणि पाठोपाठ भीती. शाळेत सतरा मुली होत्या. भाडेकरू मास्तरीण उठून घरमालकाची बायको झाली, तर गाव म्हणणार, भाडं म्हणजे नुसतं सोंग होतं. मुलींचे बाप दुसऱ्या दिवशी पाट्या उचलून त्यांना घरी नेणार.

"या घरात राहून मला हो म्हणता येणार नाही," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला.

"नीट ऐका तरी. या घरात राहून, म्हणाले मी. मला दुसरी खोली बघून द्या. भाड्याची."

"मीच बघू?"

"तुमच्याशिवाय माझं इथं कोण आहे?"

तीन दिवस तो गावभर हिंडला आणि शेवटी रखमाजीच्या ओसरीवर जाऊन बसला. रखमाजीची धाकटी तेव्हा माझ्याकडं पाढे शिकत होती. रखमाजीनं खूप आढेवेढे घेतले आणि अखेर म्हणाला, "चार रुपये. पर चावडीपुढं न्हाई, घरात घेईन."

मार्तंडनं माझी ट्रंक भर दुपारी डोक्यावरून रखमाजीच्या दारात पोचवली.

"आता इचारू?"

"आता नाही. सहा महिन्यांनी."

"सहा महिने?"

"गावाला विसरायला तेवढे लागतील. तुम्ही मात्र विसरू नका."

दसऱ्याच्या सुमारास तो आला. अंगात धुतलेला सदरा होता. ओसरीवर रखमाजी होता, त्याची बायको होती, शाळेतल्या चार मुली होत्या. शाळेत आता एकवीस झाल्या होत्या. त्यानं तोंड उघडायच्या आत मी हो म्हणाले.

"थांबा की बाई," तो कळवळून म्हणाला. "सहा महिने पाठ करून राह्यलो. इचारू तर द्या."

मग त्यानं सगळ्यांसमोर अडखळत विचारलं, आणि मी पुन्हा हो म्हणाले.