सातवं टूल

सिल्वासाजवळच्या गलोंडा गावात धाग्याची कंपनी आहे, तिथे मी काय करते ते सांगितलं की लोक आधी हसतात. मी टूल्सची वर्णनं लिहिते. गेटपाशी कामगारांसाठी एक स्क्रीन आहे, त्यात एआय एजंट बसवला आहे. कोणी त्याच्याशी बोलून रजेचं विचारलं, हजेरीचं विचारलं, की तो सहा टूल्समधून, म्हणजे माहिती शोधणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून, एक निवडतो आणि उत्तर स्क्रीनवर आणून देतो. टूलच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही. तो फक्त वर्णन वाचतो आणि त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

आधी ही वर्णनं अभिजीत, म्हणजे आमचा इंजिनीयर, स्वतःच लिहायचा. "हजेरी आणतं." संपलं. मग रजा विचारणाऱ्याला कँटीनची भाजी कळायची. शेवटी काम माझ्या गळ्यात पडलं. वडील सिल्वासाच्या शाळेत मास्तर, त्यामुळे अर्धवट वाक्य दिसलं की माझं डोकं उठतं. मी प्रत्येक टूलला तीन ओळी दिल्या: काय आणतं, काय विचारावं आणि कधी वापरू नये. तिसऱ्या ओळीचं मला फार कौतुक होतं.

होळीनंतरच्या सोमवारी दुपारी यादीत सात टूल्स दिसली. सातव्याचं वर्णन असं होतं:

"माणूस आवारात आहे का ते सांगतं. फक्त नाव द्यावं, कार्ड नंबर लागत नाही. आईने विचारल्याशिवाय वापरू नये."

वाक्यरचना थेट माझी. मी मात्र ते लिहिलं नव्हतं.

"हे तू टाकलंस?" मी अभिजीतला विचारलं.

"मी कशाला टाकू? नुसत्या नावावर आपल्याकडे काही नाहीच. सगळं कार्डवर चालतं."

त्याने ते उडवलं. आम्ही डबा खाऊन आलो, तर ते पुन्हा जागेवर होतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही, मजा वाटली. मी एजंटला विचारलं, अभिजीत आवारात आहे का?

"तुम्ही त्यांची आई नाही," उत्तर आलं.

अभिजीत माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होता. तो हसता हसता थांबला. "धनश्री, बंद कर ते," म्हणाला.

मी स्क्रीन बंद केला, टूल यादीत तसंच राहिलं. पण डोक्यातून जाईना. गुरुवारी मी स्क्रीनवर आलेले सगळे प्रश्न काढून वाचायला घेतले. सोमवारी सकाळी एका बाईने अहिराणीत चार वेळा एकच गोष्ट विचारली होती. मंगळवारी सहा वेळा. बुधवारी पुन्हा. नवनाथ कोठे शे, चेतनना कार्डवाला?

मी खाली गेले. गेटच्या आत बाक आहे, त्यावर ती बसली होती. नाव बायडाबाई, शिरपूरकडची. मांडीवर कापडी पिशवी. वॉचमन म्हणाला, चार दिवस झाले, रोज दहाला येते.

"मना पोर्‍या ताई, नवनाथ," ती म्हणाली. "चेतनना कार्डवर काम करे तो. होळीना आधीपासून फोन लागत नही."

मला कळलं. आमच्याकडे गावी जाणारा माणूस आपलं कार्ड खोलीतल्या दुसऱ्याला देऊन जातो, म्हणजे त्याची जागा जात नाही. सुपरवायझरला ठाऊक असतं, कोणी बोलत नाही. कागदावर नवनाथ नावाचा माणूस कंपनीत कधी आलाच नव्हता.

चेतनचं कार्ड मी ऑफिसमधून बघितलं. चेतन स्वतः महिन्याच्या सुरुवातीलाच गावी गेला होता. होळीच्या आधी, अकरा तारखेला सकाळी सहा बावन्नला त्याच्या कार्डवर कोणीतरी आत आलं होतं.

बाहेर गेल्याची नोंद नव्हती.

हे तिला एजंटने सोमवारीच सांगितलं असतं. पण हजेरीच्या टूलला माझी तिसरी ओळ होती: "दुसऱ्याच्या कार्डाची माहिती देण्यासाठी वापरू नये." त्या ओळीने तिला चार दिवस परत पाठवलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

मी पुन्हा खाली आले, तेव्हा तीनची शिफ्ट सुटत होती. गेटपाशी गर्दी झाली होती.

"जित्ता शे का, इतलंच सांग," बायडाबाई म्हणाली.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "तुम्हीच विचारा, मावशी. तुम्ही त्याची आई आहात, ते सांगा."

तिने बसल्या जागेवरून तसंच विचारलं. तिच्या आवाजात चार दिवसांचा थकवा होता.

एजंटने सातवं टूल निवडलं.

तिला वाचता येत नव्हतं. मी वाचलं.

"आवारात आहे. अकरा तारखेपासून."

खाली आणखी एक ओळ होती. "जागा: विचारणाऱ्या बाईच्या उजवीकडे."

"काय म्हनस?" तिने विचारलं.

"आत आहे म्हणतंय," मी म्हणाले. दुसरी ओळ मी तिला वाचून दाखवली नाही.

तिने मान हलवली. तिला नवल वाटल्याचं दिसलं नाही.

ती बाकाच्या डाव्या टोकाला अंग चोरून बसली होती. दुसऱ्या टोकाला दोन बाया एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. आणखी तिघी ताटकळत उभ्या होत्या, पाय दुखतात म्हणत.

तिच्या उजवीकडच्या, मधल्या रिकाम्या जागेवर कोणीच बसत नव्हतं.