काळा केलेला कोपरा

शेजारच्या घरी चोरी झाली आणि चित्रकलेच्या निवृत्त मास्तरांना आपल्याही घरात चोरण्यासारखं काही असावं असा संशय आला. परगावच्या मुलाने फोनवरून सांगत सांगत त्यांच्याकडून अडगळीतल्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवून घेतलं आणि बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावून घेतला. खोलीत काही हललं की समोरच्या टेबलावरच्या पडद्यावर त्याच्याभोवती लाल चौकट उमटायची आणि भोंगा वाजायचा.

दुपारपर्यंत भोंग्याने घर डोक्यावर घेतलं. बायको केर काढताना वाजला, ते ठीक. पण दोघं आत जेवत असताना वाजला, तेव्हा मास्तर उष्ट्या हाताने धावत आले. बैठकीत कोणी नव्हतं. लाल चौकट होती ती कोपऱ्यातल्या त्यांच्या आरामखुर्चीभोवती. खुर्ची रिकामी होती.

"खिडकीचा पडदा हलत असेल, बाबा," मुलगा फोनवर म्हणाला. त्या कोपऱ्यात खिडकीच नव्हती, पण शिकलेल्या मुलाशी कोण वाद घालणार? "कॉम्प्युटरमध्ये खोलीच्या नकाशाचं एक कोरं चित्र आहे, त्यात तेवढा भाग काळा रंगवून टाका. पडद्यावर खोली दिसत राहील, पण काळ्यात काहीही हललं तरी तो लक्ष देणार नाही."

रंगवणं म्हणजे मास्तरांचा हातखंडा. कोरी जागा सोडली म्हणून त्यांनी पोरांचे कान आयुष्यभर पिळले होते. खुर्चीपासून सतरंजीच्या कडेपर्यंत त्यांनी कोपरा असा भरला की टाचणीच्या टोकाएवढंही पांढरं उरलं नाही. भोंगा गप्प झाला. मास्तर समाधानाने खुर्चीत टेकले.

"अगं, चहा टाक."

बायको समोरून गेली. पडद्यावर लाल चौकट तिच्याबरोबर सरकली. उत्तर आलं नाही. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. संसार जुना होता.

ती फोन कानाला लावून परत आली. "हो रे, आता अगदी शांत आहे. बाबा? असतील इथेच कुठेतरी..." बोलताना ती थेट खुर्चीकडे बघत होती.

"पुरे झाली थट्टा," म्हणत मास्तर उठले. सतरंजीच्या कडेशी पाय अडला. पुढची हवा गार भिंतीसारखी घट्ट होती. त्यांनी ती चाचपली, मग तिच्यावर बुक्क्या मारल्या. पडद्यावर हात झाडणारा एक म्हातारा दिसत होता. त्याच्याभोवती चौकट नव्हती.

"चपला तर इथेच आहेत..." बायको दाराशी थबकली. "असे अनवाणी कुठे गेले? बघून येते बाई."

"अगं, मी इथे आहे... इथे..."

दार लागलं. बाहेरून कुलपाचा खटका ऐकू आला. मग वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेटीसारखा कुबट वास मागून हळूहळू पुढे आला.

"कशाला घसा कोरडा करता..." त्यांच्या मानेशी कोणीतरी कुजबुजलं. "किती नीट रंगवलंत हो, मास्तर! एखादी फट तरी ठेवायची..."

मास्तरांना मान वळवण्याचा धीर झाला नाही. त्यांनी पडद्यावर पाहिलं. कोपऱ्यात ते एकटेच उभे होते.

मागे आरामखुर्चीचं कापड मात्र हळूहळू खाली दबत चाललं होतं.

"या... होईल जागा दोघांना."