नानाजींच्या नावाचे फोटो

"तू राहू दे, ताई. माझ्या बाटलीचे फोटो बाबाच काढतील," सुशील म्हणाला, आणि पोहे परतणारा मेघाचा हात कढईतच थांबला.

सक्करदऱ्याच्या त्या लहानशा घरात पोह्यांवर ओतायच्या झणझणीत तर्रीचा वास भरला होता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी, साऱ्या शहराच्या नानाजींनी, मान वर केली नाही. धाकटा सुशील पुण्याहून कालच आला होता. सासऱ्यांच्या मदतीनं त्यानं काटोलला संत्र्याच्या सरबताचा कारखाना सुरू केला होता, आणि पहिल्या बाटलीवरचा फोटो वडिलांच्याच हातचा हवा, असा त्याचा हट्ट होता. त्यात वावगं काहीच नव्हतं. शहरातल्या कितीतरी साड्यांच्या, दागिन्यांच्या, मिठायांच्या जाहिरातींखाली नानाजींचं नाव होतं... फक्त ते फोटो कित्येक वर्षांपासून मेघा काढत होती, हे सुशीलला ठाऊक नव्हतं.

नानाजींच्या डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी झाला होता. कडेचं दिसे, म्हणून घरात ते सहज वावरत, चहाचा कप अचूक उचलत. पण समोरचा चेहरा, समोरची वस्तू म्हणजे नुसता काळा डाग. डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितली, त्या संध्याकाळी सदर भागातल्या आपल्या फोटो स्टुडिओत त्यांनी मेघाचा हात घट्ट धरला होता. "पोराले नको सांगू, बाई. त्याच्या नजरेत तरी मले फोटोग्राफर राहू दे."

तिनं शब्द दिला. मुंबईच्या एका जाहिरात कंपनीनं तिला बोलावलं होतं. तिनं फोनवरच नकार कळवला. एक भला माणूस तिची वाट पाहत होता; तोही पुढे वाट पाहीनासा झाला. ग्राहकांसमोर नानाजी खुर्चीतून सूचना करत, ती "हो बाबा" म्हणत आपल्या मनाजोगता प्रकाश लावी, कॅमेरा चालवी. लोक म्हणत, नानाजींची मुलगी मोठी आज्ञाधारक आहे... आणि ती हसून दिवे आवरी.

"एकदा तरी बाबांले पुण्याले येऊ दिलं तू?" सुशीलचा आवाज चढला. "माझ्या पोराच्या बारशालेही नाही. बटन तेवढं तू दाबते, नाव त्यांचं चालते, आणि त्यांले इथं बांधून ठेवलं. तुझं भागून राहिलं न, बस."

बारशाच्या घरात, नव्या माणसांत, नानाजींनी नातवाचा चेहरा कसा पाहिला असता? हे वाक्य मेघाच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच विरलं. तिला रागही आला नाही. राग यायलाही अंगात थोडं बळ लागतं.

"पोहे थंड होऊन राहिले. खाऊन घे," ती म्हणाली.

दुपारी सदरच्या स्टुडिओत तिनं बाटली मांडली. काचेचा फोटो अवघड; जरा चुकलं की साऱ्या खोलीचं प्रतिबिंब तिच्यावर उमटतं. तिनं मागून प्रकाश दिला, दोन्ही कडांना काळे पुठ्ठे उभे केले, सरबत सूर्यास्तासारखं पेटून उठलं. कॅमेरा तिनं ट्रायपॉडवर घट्ट बसवला.

"झालं न तुझं? आता आम्ही बापलेक पाहतो," सुशील म्हणाला.

"राहू दे न तिले," नानाजी पुटपुटले.

"नाही बाबा. आज तुम्हीच."

मेघानं वडिलांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "जा मेघा. चहा ठेव."

ती मागच्या खोलीत गेली, पण पातेलं शेगडीवर ठेवताना तिचं सारं लक्ष अर्धवट उघड्या दाराकडे होतं. नानाजी कॅमेऱ्यामागे वाकले. तेवढ्यात सुशीलला बाटलीवर बोटाचा ठसा दिसला असावा. त्यानं ती उचलली आणि बाजूला होऊन रुमालानं पुसू लागला.

फ्लॅशचा लख्ख प्रकाश पडला. रिकामं टेबल क्षणभर उजळून निघालं.

"वा. झकास आला," नानाजी म्हणाले. "आणखी एक घेतो."

पुन्हा प्रकाश... पुन्हा तेच रिकामं टेबल. सुशील बाटली हातात धरून थिजल्यासारखा उभा होता. वडिलांच्या चेहऱ्याकडे, त्या अचल, अगतिक डोळ्यांकडे तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असावा. मग त्याची नजर दाराकडे वळली. मेघानं मान हलवली. काही बोलू नकोस.

त्यानं बाटली अलगद जागेवर ठेवली. "छान आला, बाबा. आलोच मी," म्हणाला, आणि मागच्या खोलीत येऊन भिंतीला टेकला.

"कधीपासून, ताई?"

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून."

"म्हणजे माझ्या ऑफिसात लावला आहे तो संत्र्यांच्या बागेचा फोटो... मी सगळ्यांले सांगतो, माझ्या बाबानं काढला..."

"त्यांचाच आहे तो. शिकवलं कोणी मले?"

"मले काहून नाही सांगितलं वं?" तो म्हणाला. "मी सकाळी काय काय बोललो तुले..."

तो तिच्या पायांशी वाकला, तसं तिनं त्याला दंडाला धरून उठवलं. या क्षणाची कल्पना तिनं किती वेळा केली होती. वाटायचं, हृदयातलं सगळं साचलेलं वाहून जाईल. पण डोळे कोरडेच राहिले.

"मी थकली गा, सुशील," एवढंच ती म्हणाली.

फोटो मग तिनंच काढले. नानाजी खुर्चीतून सूचना देत राहिले, ती "हो बाबा" म्हणत राहिली, आणि सुशील मान खाली घालून काळे पुठ्ठे धरून उभा राहिला. काम संपलं, तशी ती ग्राहकांच्या सोफ्यावर टेकली आणि तिचे डोळे मिटले. झोप अजून पुरती लागली नव्हती, तोच नानाजींचा हलका आवाज आला.

"झोपली का ती?"

"हाव, बाबा."

"तू बाटली उचलली, तेव्हा मले आवाज आला होता."

सुशीलनं हातातले पुठ्ठे खाली ठेवले.

"म्हणजे... टेबल रिकामं आहे, हे तुम्हाले माहीत होतं?"

"काच उचलली की वाजते, बाबू. सारा जन्म या टेबलाजवळ गेला." नानाजी म्हणाले. "सकाळी तू तिले बोलला आणि मी ऐकत बसलो. पोरीचं आयुष्य घेतलं मी, अन् एक शब्द निघाला नाही तोंडातून. सांगायची हिंमत आताही नव्हती... तुले कळावं म्हणून बटन दाबलं."

मेघाच्या मिटल्या पापण्यांतून आता कुठे पाणी ओघळलं. तिनं डोळे उघडले नाहीत, ते पुसलंही नाही.

नानाजींच्या खुर्चीशेजारचा फोन वाजला. ती उठणार होती, पण कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला तसंच राहू दिलं. तो सुशीलचा हात होता. नानाजींनी हात लांबवून फोन उचलला.

"हाव, स्टुडिओच आहे... नाही, नानाजी फोटो काढत नाही आता. पुष्कळ दिवस झाले. मेघाताई काढतात." पलीकडच्यानं तिला बोलवायला सांगितलं असावं. "नाही जी, आत्ता नाही उठवता येत. झोपल्या आहेत त्या. उद्या करा."